ज्याला मामा बिघाड म्हणतात

मामांचं म्हणणं साधं आहे. मायक्रोवेव्हची लिंक अशी चालावी की ती आहे हे कोणाला आठवूही नये. त्यांच्या भाचीला अशा लिंकमध्ये काडीचा रस नाही. जिथे सिग्नल पोचायला नको, तिथे तो पाच मिनिटं पोचला तर पोचला, एवढ्यासाठी ती पहाटे उठून डोंगरावर बॅटऱ्या वाहते. दोघं बोलतात ते त्याच जातीच्या, चार-दोन सेंटिमीटरच्या लहरींबद्दल, आणि दोघांचंही गणित पक्कं आहे. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

मामा नारायणगावचे. ते शाळेत होते तेव्हा, 1971 साली, जवळच आर्वीला विक्रम भूस्थानक सुरू झालं आणि त्या अवाढव्य डिशनं पोराच्या डोक्यात जे घर केलं ते केलंच. पुढे टेलिफोन खात्यात लागले आणि नोकरीचा बराच काळ घाटमाथ्यावरच्या रिपीटर स्टेशनांवर काढला. फायबर आलं, डिश उतरल्या, मामाही निवृत्त झाले. भाची सॅन दिएगोत मोबाइलच्या चिपवर काम करते. अमेरिकेत हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, सर्वांत खालच्या वर्गाचा परवाना मिळवायला 35 प्रश्नांपैकी 26 बरोबर यावे लागतात, नागरिकत्वाची अट नाही, आणि तेवढ्यावर 50 मेगाहर्ट्झच्या वरचे हौशींचे सगळे बँड खुले होतात. ती परीक्षा तिनं सहज दिली. मी तिचा नवरा. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून ट्रायपॉड उचलण्याचं काम माझ्याकडे. इथे मी तिला भाचीच म्हणणार आहे, कारण मामा आले की ती माझी बायको कमी आणि त्यांची भाची जास्त असते.

ऑगस्टमधला शनिवार होता. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशींच्या संघटनेची ‘10 गिगाहर्ट्झ अँड अप’ ही स्पर्धा ऑगस्ट आणि सप्टेंबरमधल्या एकेका शनिवार-रविवारी होते. शनिवारी सकाळी सहापासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंतच्या वेळातले कोणतेही 24 तास वापरायचे. प्रत्येक संपर्काला जितके किलोमीटर तितके गुण, आणि नवं कॉलसाइन मिळालं की वर 100. आम्ही माउंट सोलेडॅडच्या माथ्यावर होतो. उंची जेमतेम 250 मीटर, पण पश्चिमेला थेट पॅसिफिक. भाचीनं फोन ठेवला आणि मामांनी सुरुवात केली.

मामा : कोणाशी बोलत होतीस एवढा वेळ?

भाची : सांता बार्बराच्या किनाऱ्यावर एक जण आहे. त्याला विचारलं, डिश कुठे वळवलीयस, फ्रीक्वेन्सी काय धरलीयस.

मामा : म्हणजे तो तिथे आहे हे कळलं. त्याची डिश आपल्याकडे आहे हेही कळलं. हवापाणी झालं. मग आता रेडिओवरून त्याला विचारायचं काय राहिलं?

भाची : काहीच नाही.

मामा : अगं, मग!

भाची : मामा, विचारायचं काही नसतंच. त्याचं कॉलसाइन आणि त्याच्या जागेचा सहा अक्षरी लोकेटर मी 10 गिगाहर्ट्झवर ऐकायचा, माझा त्यानं ऐकायचा. फोनवर डिशची दिशा ठरवली तर चालतं, पण हा मजकूर फोनवर दिला तर तो संपर्क मोजायचा नाही.

मामा : जावईबापू, ऐकताय ना? आम्ही एका चॅनेलवर शेकडो माणसांची बोलणी एकदम न्यायचो. कोणाचं लग्न ठरत होतं, कोणाचा बाप गेलेला असायचा. आणि ही मला सांगतेय की बोलायचं काही नाही, फक्त पोचलं का ते बघायचं.

मी काही बोललो नाही. मला मामांचं पटलं होतं, पण गाडी बायकोच्या नावावर आहे.

सांता बार्बरा तिथून 285 किलोमीटरच्या आसपास. रस्ता सगळा पाण्यावरून: एका बाजूला पालोस व्हर्डेसचं टोक, दुसऱ्या बाजूला कॅटलिना बेट, मधून ही लहर जायची. आमची उंची 250 मीटर, त्याची समुद्रालगतच्या कड्याची फार तर पन्नास-साठ. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब केला तर रेडिओला दोघांमधलं क्षितिज शंभर किलोमीटरच्या आतच संपतं. हा हिशेब मामांनी तोंडी केला, आणि लिंक होणार नाही असा निकालही देऊन टाकला.

मग होकायंत्र निघालं. भाचीची डिश म्हणजे घराघरांत उपग्रह टीव्हीसाठी लावायचे तसली, साठ सेंटिमीटरची, कोणीतरी टाकून दिलेली. 10 गिगाहर्ट्झला तिचा झोत साडेतीन अंशांहून कमी रुंद. नकाशावर दिशा 308 अंश निघाली आणि भाचीनं होकायंत्र 297 वर धरलं. मामांनी लगेच हात पुढे केला.

मामा : हे चुकलं. अकरा अंश कमी घेतलेस.

भाची : इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या अकरा अंश पूर्वेला आहे. तेवढे वजा करायचे. न केले तर झोत तीनदा चुकेल एवढा फरक पडतो.

मामा : आपल्याकडे हे कधी करावं लागलं नाही.

भाची : आपल्याकडे तो फरक शून्याच्या जवळपास असतो म्हणून. आणि मामा, जरा गाडीपासून लांब उभा राहा. पत्र्याजवळ गेलं की सुई हलते.

मामा लांब गेले. तिथून उभं राहून त्यांनी तो सगळा संसार न्याहाळला आणि तिथे त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. ट्रायपॉडवर डिश, डिशच्या पाठीला ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात 144 मेगाहर्ट्झच्या लहानशा रेडिओचा सिग्नल 10,368 वर चढवणारा ट्रान्सव्हर्टर, टोकाला दोन-तीन वॅट. वेव्हगाइड बोटभर लांबीचा. त्यात कोरडी हवा भरायचं यंत्र कुठाय, असं मामांनी विचारलं. त्यांच्या स्टेशनावर ते रात्रंदिवस घरघरायचं, नाहीतर वेव्हगाइडमध्ये दव धरायचं. भाची म्हणाली, दव धरलं तर रुमालानं पुसायचं. फ्रीक्वेन्सीचं प्रमाण कुठून घेतेस, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना आवडलं. जीपीएसच्या उपग्रहांवर बांधलेला 10 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर. दहा लाखांत एक भाग जरी चूक असली तरी 10 गिगाहर्ट्झला ती दहा किलोहर्ट्झ होते, आणि इथे आवाजाचा सिग्नल सगळा मिळून अडीच किलोहर्ट्झचा. मामांच्या एका चॅनेलला तीसेक मेगाहर्ट्झची ऐसपैस जागा असायची; त्यांना एवढी बारकाई कधी लागलीच नव्हती.

भाची : हौशी लोकांनी पहिले असे डबे कशातून बनवले माहितीये? इथल्याच क्वालकॉमनं 1988 मध्ये ट्रकवाल्यांसाठी उपग्रहावरून निरोप पाठवायची यंत्रणा काढली, ऑम्नीट्रॅक्स. तिचे जुने बोर्ड भंगारात आले आणि सॅन दिएगोतल्या हॅम मंडळींनी ते खरवडून 10 गिगाहर्ट्झवर बसवले. तुझ्या खात्यानं डिश भंगारात काढल्या तेव्हा तिथे माझ्यासारखं कोणी उभं असतं तर?

मामा : किलोच्या भावानं गेल्या गं त्या. जाऊ दे. मला एक सांग, हे पोचणार कसं? मध्ये पृथ्वी आहे.

भाची : समुद्राकडे बघ.

समुद्रावर ढगांची एक चादर होती, वरून सपाट, जणू रंधा मारलेली. किनाऱ्यावर उन्हाळाभर हेच असतं. खाली थंड पाण्याला लागून गार, दमट हवा. वर उबदार, कोरडी हवा. दोहोंची सीमा काही शे मीटरवर. त्या सीमेवर हवेचा अपवर्तनांक इतक्या झपाट्यानं घटतो की जवळजवळ आडवी निघालेली लहर वर निसटत नाही, वाकून पुन्हा खाली येते आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे सरकत राहते.

मामा : डक्टिंग.

भाची : डक्टिंग!

दोघांनी तोच शब्द उच्चारला, पण मामांचा चेहरा कोणी जुन्या घेणेकऱ्याचं नाव काढल्यासारखा झाला.

मामा : अगं, या डक्टिंगपायी रात्ररात्र जागलोय आम्ही. सूर्य मावळला, जमीन निवली, वारा पडला, की सपाटीवरच्या हॉपला फेडिंग सुरू. चाळीस-पन्नास किलोमीटरचा हॉप, समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतोय, तीस-चाळीस डेसिबलची शिल्लक ठेवलेली, आणि तरी सिग्नल ढासळायचा. लहर तिसरीकडेच वाकून जायची. मग एका टॉवरवर दोन उंचींवर दोन डिश लावायच्या, एकीचा पडला तर दुसरीचा घ्यायचा. आणि स्टेशनं सरळ रेषेत कधी ठेवत नसू. मुद्दाम नागमोडी.

भाची : का?

मामा : फ्रीक्वेन्सी थोड्याच, त्या एकाआड एक हॉपला पुन्हा वापरायच्या. हवा बिघडली की पहिल्या स्टेशनचा सिग्नल मधली दोन ओलांडून चौथ्यावर जाऊन आदळायचा. ओव्हररीच म्हणायचे त्याला. लाइन वाकडी असली की तो बाजूनं निघून जातो.

भाची : मामा, थांब. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, म्हणजे दीडेकशे किलोमीटर. तो सिग्नल तिथवर जात होता?

मामा : जात होता म्हणजे काय, छळत होता.

भाची : आणि तुम्ही त्याची नोंद काय केलीत?

मामा : ‘इंटरफिअरन्स’ लिहायचं, वेळ लिहायची, सही.

भाची : मी त्याच्यासाठी इथे आलेय. तुमच्या लॉगबुकात तो बिघाडाच्या रकान्यात गेला. 1957 च्या जुलैमध्ये इथूनच वर, पालोस व्हर्डेसहून, जॉन चेंबर्सनं 144 मेगाहर्ट्झवर हवाईच्या राल्फ थॉमसशी संपर्क केला. चार हजार किलोमीटरच्या घरात. अशा फ्रीक्वेन्सीला एवढं अंतर म्हणजे तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. पुढे हवाईच्या मौना लोआ डोंगरावर पॉल लीब बसायचा. 1991 मध्ये त्याचा 5.7 गिगाहर्ट्झवर कॅलिफोर्नियाशी संपर्क झाला. हीच ढगांची चादर, हाच महिना-दीड महिना. ज्यांना लिंक चालू ठेवायची असते ते या हवेपासून दूर पळतात. तिच्यात मुद्दाम जाऊन उभं कोण राहणार?

इथे मामा थोडे गप्प झाले, पण हार मानून नव्हे. ते वजन पेलून बघत होते. मला ते ओळखू येतं.

मामा : बरं, मान्य. पण मग हा अभ्यास करावा ना नीट. रोज ठरल्या वेळी सिग्नल सोडावा, नोंदवावा, वर्षभराचा आलेख काढावा. स्पर्धा कशाला? किलोमीटरला गुण, नव्या माणसाला शंभर, हा काय अभ्यास झाला? आणि ते म्हणे सोळा किलोमीटर सरकलं की त्याच माणसाशी पुन्हा संपर्क धरता येतो. म्हणजे दिवसभर गाडी हाकायची आणि तीच ती चार नावं गोळा करायची.

भाची : रोज लावते मी बीकन ऐकायला, ते आपोआप सिग्नल सोडत असतात. पण बीकनला मी ऐकू येते का, हे बीकन सांगत नाही. त्यासाठी पलीकडे माणूस लागतो, आणि साडेतीन अंशांच्या झोतात तो आपोआप सापडत नाही. देवळात एरवी कुत्रं फिरकत नाही, जत्रेला सगळा गाव लोटतो. तशी ही जत्रा आहे. एका दिवशी सगळे डोंगरावर असतात म्हणून तर कळतं की आज कुठून कुठे पोचतंय.

मामा : जत्रेत देवाला कोण बघतं? पाळण्यात बसायला जातात.

भाची : बसू देत की. देवळाचा खर्च त्यातूनच निघतो. विनोद नाही करत मी. अमेरिकेतल्या हौशींकडे 3.3 ते 3.5 गिगाहर्ट्झचा बँड होता, दुय्यम हक्कानं. मोबाइल कंपन्यांना जागा हवी झाली. एफसीसीनं, म्हणजे इथल्या दूरसंचार आयोगानं, 2020 मध्ये तो काढायचं ठरवलं आणि 2022 च्या एप्रिलपासून 3.45 च्या वरचा भाग बंद झाला. 10 ते 10.5 सुद्धा आम्हाला दुय्यमच आहे. उद्या कोणी विचारलं, इथे कोण राहतं, तर दाखवायला माणसं हवीत.

मामा : आणि तू नोकरी कुठे करतेस? मोबाइलच्या चिपची. म्हणजे आठवडाभर स्वतःच्याच देवळाला सुरुंग लावायचा आणि शनिवारी जत्रेला यायचं.

भाची हसली. उत्तर दिलं नाही. मला वाटतं, त्या दिवसातला हा मुद्दा मामांचा.

ती मग शंभर वर्षं मागे गेली. 1912 च्या कायद्यानं अमेरिकेत हौशींना 200 मीटरच्या खाली ढकललं, कारण त्या लहरी कुचकामी मानल्या जात. 1921 च्या डिसेंबरात त्याच हौशींचे सिग्नल अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडला ऐकू आले. मामांनी हे हातानं उडवून लावलं. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आणखी किती दिवस जेवणार? तेव्हा भाचीनं थेट नारायणगाव काढलं.

भाची : बरं, खोडद. आपल्या घरापासून किती लांब आहे? पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशची रेडिओ दुर्बीण आहे तिथे. रेडिओनं आकाश बघायला पहिली खरी डिश कोणी बांधली? ग्रोट रेबर. 1937, इलिनॉय राज्यातलं व्हीटन गाव, घराचं परसू, स्वतःच्या खिशातले पैसे. हौशी रेडिओवाला होता तो.

मामा : आणि आकाशातून आवाज येतोय हे त्याला कोणी सांगितलं? जान्स्कीनं. तो बेल कंपनीचा पगारी इंजिनिअर. समुद्रापारच्या टेलिफोनला खरखर कुठून येते ते शोधायला ठेवलेला. माझ्याच जातीचा. बिघाड शोधताना आकाशगंगा सापडली त्याला.

भाची : सापडली. मग कंपनीनं काय केलं? खरखरीचं मूळ कळलं, आता दुसऱ्या कामाला लाग म्हणून सांगितलं. पुढचं रेबरनं केलं.

मामा : पेन्झिअस आणि विल्सन? 1964. तीच कंपनी, हॉर्न अँटेना, जाता न जाणारी खरखर. विश्वाच्या जन्माचा पुरावा निघाला. दोघांनाही पगार होता.

भाची : ज्यो टेलर! पल्सारवर 1993 चं नोबेल. लहानपणापासून हॅम. क्षीण सिग्नल उकलायची जी सॉफ्टवेअर आज जगभरचे हौशी वापरतात ती त्यानं लिहायला घेतली, फुकट.

मामा : प्रिन्स्टनचा प्राध्यापक होता. पगार होता.

भाची : मामा, तू प्रत्येकाचा पगार काय काढतोस?

मामा : कारण पगार असला की माणूस रोज जातो. पाऊस असो, मुलाला ताप असो, रोज जातो आणि तीच खरखर रोज ऐकतो. हौशी माणूस आवडलं तर जातो.

हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. मला तिथे वाटलं, आणि अजूनही वाटतं, की मामांचा राग या स्पर्धेवर नाहीच. डिझेल जनरेटर, बॅटऱ्यांची खोली, पावसात बंद पडलेली घाटातली वाट, हे सगळं ज्या लहरींपायी त्यांनी सोसलं, त्यांच्याशी कोणी फोल्डिंगच्या खुर्चीत बसून, सनस्क्रीन लावून खेळतं आहे, हे त्यांना पचत नाही. भाचीला ते दिसत नाही असंही नाही. पण तिला त्यांच्या कष्टांपेक्षा त्यांचं लॉगबुक हवं आहे: कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या हॉपवर. ते खात्यानं कधीच रद्दीत घातलं असणार.

दहाच्या सुमाराला चादर किनाऱ्याजवळ विरू लागली. तेवढ्यात स्पीकरच्या सुसकाऱ्यातून एक माणूस वर आला. आवाज तळघरातून यावा तसा, मग एकदम स्वच्छ, मग पुन्हा खाली. भाचीनं आपला लोकेटर सांगितला: डेल्टा माइक वन टू ज्युलिएट युनिफॉर्म. पलीकडून ‘रॉजर’ आलं. मामा खुर्चीतून पुढे झुकले.

मामा : हे फेडिंग आहे. मोज. वर यायला आणि पडायला साधारण सारखा वेळ लागतोय. आता पडेल.

पडलं. पुन्हा वर आलं. त्याचं कॉलसाइन पुरतं आलं, मग लोकेटर: डेल्टा, माइक, झीरो, फोर, डेल्टा… आणि सुसकारा. भाचीनं शेवटचं अक्षर पुन्हा मागितलं. डिश अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे. मी छत्री धरून उभा होतो, माझा श्वास उगाचच अडकलेला. काही नाही. बराच वेळ काहीच नाही.

मामा : ज्युलिएट.

भाची : काय?

मामा : शेवटचं अक्षर. सकाळी तूच नकाशावर दाखवलंस. सांता बार्बरा म्हणजे डी एम 04 डी जे. लिही.

भाची : दाखवलं. पण ऐकलं नाही.

मामा : त्याला तू ऐकू आलीस. तुला तो ऐकू आला. तो कुठे आहे हे तुला माहीत आहे, त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. 285 अधिक 100. एका अक्षरासाठी 385 गुण सोडतेस?

भाची : सोडत नाही. मिळाले नाहीत.

तिनं लॉगमधली ओळ तशीच अर्धवट ठेवली आणि वेळेपुढे एक टिंब दिलं.

मामा : खेळात कोण बघतंय एवढं? आमच्या ऑडिटलासुद्धा चाललं असतं हे.

भाची : चाललं असतं? आई सांगते, तू जनरेटरच्या डिझेलचा हिशेब पाव लिटरपर्यंत लिहायचास. कोण बघत होतं तिथे, त्या घाटात?

मामा : ते सरकारी डिझेल होतं.